कानस आणि कान

पाऊस सरला की आमच्या कोकणात दोन आवाज हमखास कानावर येतात. एक भात झोडण्याचा आणि दुसरा रानातून येणारा मशीन करवतीचा. पहिला वर्षागणिक कमी होतोय, दुसरा वाढतोय. मला आज बोलायचंय ते दुसऱ्याबद्दल, आणि त्यातही तो आवाज कायमचा बंद पडला असं सगळ्यांनी ठरवल्यावर जो माणूस तो पुन्हा काढून दाखवतो, त्याच्या कामाबद्दल. कविता लिहिणाऱ्यानं करवतीवर बोलावं हे काहींना रुचणार नाही. झाडांचा फितूर म्हणाल. आधी ऐकून घ्या, मग ठरवा.

या यंत्राला आमच्याकडे कुणी ‘कटर’ म्हणतं, कुणी नुसतंच ‘मशीन’. त्याचा उगम मात्र झाडापाशी नाही, हाडापाशी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांनी हाड कापायला दात असलेली साखळी वापरली. मग १८३०च्या सुमारास बर्नहार्ड हाइने नावाच्या जर्मन माणसानं हातानं फिरवायची साखळी-करवत तयार केली, तीही शस्त्रक्रियेसाठीच. भूल देण्याचं तंत्र यायच्या आधीचे हे दिवस. रोग्याच्या दृष्टीनं करवत जितकी झटपट चालेल तितकं बरं. वेगाची ही हाव त्या यंत्रात तेव्हापासून आहे.

लाकडाकडे ते वळलं ते १९२०च्या दशकात, जर्मनीत. आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी करवत काढली. वजन ४० किलोच्या वर, उचलायला दोन माणसं. त्यांच्या नावाची कंपनी आजही आहे. आपल्याकडे ते नाव सरसकट ‘स्टील’ असं उच्चारतात आणि त्याचा पोलादाशी संबंध जोडतात. ते साधं आडनाव आहे.

पण या इतिहासातला माझा आवडता भाग अमेरिकेतल्या ओरेगॉनचा आहे. तिथं जोसेफ कॉक्स नावाचे एक लाकूडतोडे होते. त्या काळच्या साखळीचे दात साध्या करवतीसारखे, उभे. सारखी धार लावावी लागे, लाकूड ओरबाडलं जाई. १९४६ साली कॉक्स यांना एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी दिसली. ती समोर तोंड घालून खात नव्हती. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असा जबडा फिरवत, कातरत चालली होती. कॉक्स यांनी तोच जबडा लोखंडात उतरवला, एक दात डावा, एक उजवा. पुढच्या वर्षी ती साखळी बाजारात आली. आज जगात कुठंही मशीन करवत चालते ती जवळजवळ त्याच तत्त्वावर. झाड कसं खावं हे माणूस किड्याकडून शिकला, यात ज्याला उपरोध शोधायचा त्यानं शोधावा.

आता आमच्या मिस्त्रींकडे येतो. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. श्रीवर्धन तालुक्यात एका वळणावर त्यांची पत्र्याची शेड आहे. साठी ओलांडलेली. उमेदीत त्यांनी लुना, चेतक आणि आरएक्स १०० यांवर हात चालवला. ही सगळी टू-स्ट्रोक इंजिनं. त्या गाड्या रस्त्यावरून गेल्या, तेव्हा मिस्त्रींची विद्याही भंगारात जाते की काय अशी वेळ आली. ती वाचली करवतींमुळे. कारण करवतीला आजही टू-स्ट्रोकच लागतं. त्यात तेलाची वेगळी टाकी नसते, पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं. म्हणून ते आडवं धरा, उलटं धरा, चालत राहतं.

त्यांच्याकडे एक थोरली आहे, श्टील ०७०. एका लाकूड ठेकेदाराकडून भंगाराच्या भावात आणलेली. १०६ सीसीचं इंजिन. आरएक्स १००चं इंजिन ९८ सीसीचं होतं, म्हणजे ज्या मोटरसायकलवर आमच्या पिढीनं जीव टाकला तिच्यापेक्षा मोठं इंजिन हातात धरायचं. पट्टी आणि साखळी न लावताच दहा किलोच्या वर भरते. ही आली तेव्हा पिस्टन सिलिंडरला चिकटलेला होता. ‘मशीन मेलं’ असं ज्याला आपण म्हणतो, ते.

मिस्त्रींची पद्धत अशी, की ते मेल्याचं कारण आधी विचारतात. कुणीही पिस्टन बदलून देईल. पण पिस्टन चिकटला का? बहुतेक वेळा उत्तर असतं हवा. क्रँकच्या दोन टोकांना रबरी सील असतात. ते वर्षानुवर्षं उष्णतेनं कडक होतात आणि तिथून चोरवाटेनं हवा आत शिरते. हवा वाढली की मिश्रण पातळ होतं, पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, उष्णता वाढते आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळून भिंतीला फासला जातो. सील न बदलता नवा पिस्टन घातला, तर तोही थोड्याच दिवसांत त्याच वाटेनं जाणार.

ही चोरवाट शोधायला परदेशात खास उपकरणं मिळतात. मिस्त्रींकडे आहे रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि काटा. सायलेन्सरच्या आणि कार्बोरेटरच्या जागी सायकलच्या ट्यूबचे तुकडे घट्ट बसवायचे, फुग्यानं आत हवा भरायची, काटा अडीचशेवर आणून थांबायचं. काटा उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. मग उलटं करायचं, हवा ओढून घ्यायची. काही सील आतून बाहेर गळत नाहीत, फक्त बाहेरून आत घेतात. माणसंही असतात तशी, पण तो विषय वेगळा.

सिलिंडरला फासलेलं ॲल्युमिनियम काढणं ही आणखी एक नाजूक गोष्ट. आतल्या भिंतीवर निकेलचा मुलामा असेल, तर थोडं ॲसिड कापसाच्या काडीनं नेमक्या डागावर लावतात, ते फसफसतं आणि ॲल्युमिनियम विरघळतं. पण जुन्या यंत्रात क्रोमचा मुलामा असेल, तर ते ॲसिड मुलाम्यालाच खातं. तिथं कॉस्टिक सोडा लागतो. हा फरक माहीत नसलेल्यांनी कित्येक चांगले सिलिंडर घालवलेत. मिस्त्री हे काम दाराशी बसून, वारा पाठीमागं घेऊन करतात, आणि त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोललेलं त्यांना चालत नाही.

मला सगळ्यात भावतं ते शेवटचं काम, सूर लावणं. कार्बोरेटरला दोन बारीक स्क्रू असतात, एक मंद गतीचा, एक जलद गतीचा. यंत्र पूर्ण वेगात हवेत धरलं की त्याचा आवाज स्वच्छ, धारदार यायला हवा असं आपल्याला वाटेल. नेमकं उलटं आहे. हवेत तो थोडा फडफडता, तोतरा यायला हवा. म्हणजे मिश्रण थोडं दाट आहे, काही फेऱ्यांना ठिणगी पकडतच नाही. साखळी लाकडात शिरली, भार आला, की ते तोतरेपण जातं आणि आवाज एकसुरी होतो. लाकडातून बाहेर काढलं की पुन्हा तोतरा. हवेतच जे यंत्र सुरेल गातं ते मरायला टेकलेलं असतं. मी आयुष्यभर मात्रा मोजत आलो, पण एका स्क्रूच्या अष्टमांश फेऱ्यात बदललेला आवाज मला तिसऱ्या वेळी ऐकू आला. मिस्त्रींना पहिल्याच वेळी येतो, तोही डाव्या कानानं. उजवा या धंद्यानं नेला. नव्या महागड्या करवतींत हे काम इलेक्ट्रॉनिक्स करतं, तिथं स्क्रूच नाही. मिस्त्री त्यांना नावं ठेवत नाहीत, फक्त हात लावत नाहीत.

हे सगळं छंद म्हणून करणारे लोक युरोप-अमेरिकेत पुष्कळ आहेत. हुस्क्वार्ना ३७२ सारखी ७० सीसीची, सहा किलोच्या आसपासची जुनी व्यावसायिक यंत्रं ते हौसेनं उभी करतात. आमच्याकडे हौसेचा प्रश्न नव्हता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे. दुपारी काही तासांत माड, पोफळी, आंबे, फणस, जुने वड, सगळं आडवं. घरांवर झाडं, तारांवर झाडं, रस्त्यांवर झाडं. आमच्या कबरस्तानातली चिंच उन्मळली, ती कुंपणाची भिंत घेऊनच. राष्ट्रीय आपत्ती दलाचे जवान करवती घेऊन आले, त्यांनी मुख्य रस्ते मोकळे केले. पण वाडीवाडीतल्या वाटा, विहिरी, गोठे? ते गावालाच करायचं होतं. वर करोनाचे दिवस. दुकानं बंद, मुंबईहून सुटा भाग येणं अशक्य, वीज आठवडेच्या आठवडे नाही.

मिस्त्रींच्या शेडमध्ये तेव्हा पाच मेलेली यंत्रं होती. त्यातून त्यांनी तीन उभी केली. एकाचं क्रँक, दुसऱ्याचं कार्बोरेटर, तिसऱ्याची साखळी. थोरलीही त्याच आठवड्यात बोलली. वीज नसल्यानं ग्राइंडर नव्हता. धार सगळी साडेपाच मिलिमीटरच्या गोल कानशीवर, हातानं. प्रत्येक दाताला तीस अंशांचा कोन, डाव्या बाजूचे सगळे झाले की उजव्या बाजूचे. दातापुढचा छोटा उंचवटा दातापेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त खाली ठेवायचा. तो जास्त घासला तर साखळी लाकडात अडकून उसळते, कमी घासला तर नुसता भुसा पडतो. बायका, शाळकरी मुलं, सगळी कानस शिकली. आमच्या घराशेजारच्या एका वहिनींच्या हातची धार पुरुषांपेक्षा सरळ निघायची, म्हणून त्यांच्याकडे रांग लागायची.

पडलेलं झाड उभ्या झाडाहून वाईट, हेही तेव्हा कळलं. वाकून अडकलेल्या खोडाची एक बाजू दबलेली असते, दुसरी ताणलेली. आधी दबलेल्या बाजूनं थोडा काप, मग ताणाच्या बाजूनं. उलट केलं तर खोड फाटतं नाहीतर करवत चिमटीत सापडते. मुळांसकट उपटलेलं झाड बुंध्याशी कापलं की मुळांचा गड्डा उलटा खड्ड्यात बसतो, आणि मागं कुणी उभं असेल तर संपलं. चपला आणि लुंगीवर काम करणारी आमची पोरं, त्यांना मिस्त्री करवत देण्याआधी हे तोंडपाठ म्हणून घेत.

आता बदल करण्याविषयी. जुन्या यंत्राची ताकद वाढवता येते. सायलेन्सरचं तोंड मोठं करा, सिलिंडरमधली धूर जायची वाट कानशीनं रुंद करा, तळाचं पॅकिंग काढून दाब वाढवा. पिस्टन आणि माथा यांच्यामधली फट मोजायला मिस्त्री सोल्डरिंगची तार प्लगच्या भोकातून घालतात, क्रँक फिरवतात आणि चेपलेलं टोक व्हर्नियरनं मोजतात. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली जायचं नाही. सायलेन्सर मोकळा केला की मिश्रण पुन्हा दाट करावंच लागतं, हे विसरणारेच फार. आरएक्स १००वर हीच कारागिरी झाली आहे, तीच विद्या इथं आली.

पण एक बदल ते करत नाहीत. साखळीला ब्रेक असतो. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला, की करवत डोळ्याचं पातं लवायच्या आत उलटी, माणसाच्या तोंडाकडे येते. तो झटका बसताच साखळी थांबवणारा ब्रेक १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आला. आमच्याकडे अनेकजण तो काढून टाकतात. एक तरुण माझ्यासमोर म्हणाला, “मिस्त्री, ब्रेक राहू द्या, उगाच अडकतो.” मिस्त्री म्हणाले, “मग मशीनही इथंच राहू दे.” थोरलीला मुळातच ब्रेक नाही. म्हणून ती फक्त जमिनीवर आडव्या पडलेल्या ओंडक्यांसाठी, आणि तीही त्यांच्या स्वतःच्या हातात.

आमचं एका बाबतीत जमत नाही. वादळानंतर ही यंत्रं रिकामी बसली नाहीत. ती खासगी रानांत गेली, ऐन-किंजळ उभे होते तिथं. मी विचारलं, “मिस्त्री, हे तुम्हाला खटकत नाही?” ते म्हणाले, “भाई, लोहाराला विचारता का, कोयता कुठं चालणार म्हणून?” मला हे उत्तर पटत नाही. कोयत्याला, कुऱ्हाडीला अर्धा दिवस लागायचा. ठरावीक झाडं तोडायला परवानगी लागते, १९६४चा कायदा आहे. कुऱ्हाडीचा आवाज ऐकून कुणी विचारायला जाईपर्यंत झाड निम्मं तरी उभं असायचं. करवतीचा आवाज ऐकून निघालात, तर पोचेपर्यंत ट्रक भरलेला असतो. हे मी त्यांना सांगितलं. ते कानस पुसत राहिले. टनावर तोड करणाऱ्या टोळ्यांच्या यंत्रांची ताकद ते वाढवून देत नाहीत, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. कारण विचारलं तर म्हणाले, “ती माणसं इंजिनाला दम घेऊ देत नाहीत.” झाडांचं नाव त्यांनी काढलं नाही.

अलीकडे त्यांची लढाई पेट्रोलशी आहे. आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या नळ्या आणि कार्बोरेटरचा रबरी पडदा खराब करतं. म्हणून काम संपलं की टाकी रिकामी करायची आणि यंत्र बंद पडेपर्यंत चालवायचं, असा त्यांचा दंडक. यंदा मेअखेरीस गेलो तेव्हा फळीवर सात यंत्रं ओळीनं, टाक्या कोरड्या, साखळ्या तेलाच्या डब्यात. टोकाला थोरली. शेजारी नवीन तेलाची बाटली आणि वहिनींनी धार लावून दिलेल्या दोन साखळ्या. आकाशाकडे बघत मिस्त्री म्हणाले, जून निघू दे, मग आरामात बसू.