लोकरीचा शर्ट आणि त्याची बटणं

आज स्टुडिओत मी दोन कपडे घेऊन आलो आहे. पहिला माइकजवळ धरून चोळतो, ऐका. (कापडाची सळसळ.) हे नायलॉनचं जाकीट. आता दुसरा. (शांतता.) नाही, तुमचा रेडिओ बिघडलेला नाही, मी चोळतोच आहे. हा लोकरीचा शर्ट. पहाटे पक्षी बघायला जाणाऱ्यांना तो घ्यायला एवढं एकच कारण पुरावं. बाकीच्यांसाठी मला आणखी नऊ मिनिटं दिलेली आहेत.

थंडी म्हटली की आपल्याकडे स्वेटर, मफलर, कानटोपी. शर्टही लोकरीचा असतो हे पुष्कळांच्या गावी नसतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसले की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, इतकं आपल्याला त्याचं अप्रूप. निफाडकडचे बागायतदार या फोटोंनी हरखत नाहीत, कारण त्यांना पहाटे उठून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायच्या असतात. पण डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यापाशी एक रात्र काढलीत, तर तिथला वारा स्वेटरच्या भोकाभोकांतून आत येतो. आणि हिमालयात जाणारी मुलं-मुली तर आता आपल्या गावोगाव आहेत. हे बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी.

मला याची अक्कल आली ती हर की दूनच्या वाटेवर. उत्तरकाशी जिल्ह्यात सांकरीहून तालुका नावाच्या गावी जायचं, तिथून नदीच्या काठाकाठाने गंगाड, मग ओसला, आणि मग साडेतीन हजार मीटरच्या आसपासची ती दरी. नोव्हेंबर होता. माझ्या अंगात जाड चौकड्यांचा शर्ट, एका दुकानदाराने ‘वुलन फ्लॅनेल’ म्हणून दिलेला. त्यावर स्वेटर, त्यावर जाकीट, सगळं गळ्यापर्यंत बंद. आमचा वाटाड्या तिथल्याच खेड्यातला. त्याचा कोट घरच्या मेंढ्यांच्या लोकरीचा, मागावरच्या अरुंद पट्ट्या जोडून शिवलेला, आणि चढ लागल्यापासून सताड उघडा. मला वाटलं, इथलाच माणूस, याला कसली थंडी!

वर एका टेपाडावर थांबलो. थांबल्याबरोबर त्याने कोटाची बटणं लावून टाकली, एकूण एक. मी थांबल्याबरोबर, उकडतंय म्हणून जाकीट काढलं. पाच मिनिटांत माझे दात वाजायला लागले. शर्ट पाठीला चिकटलेला, ओल्या फडक्यासारखा गार. त्याने चहाचा पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “पसीना ही तो ठंड है, साब.”

दुकानात शर्ट हातात घेताना मला अजून हेच वाक्य आठवतं. चालत्या माणसाला थंडीपेक्षा स्वतःचा घाम जास्त गारठवतो. त्यामुळे शर्ट किती ऊब देतो हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, घामाचं काय करतो?

माझा तो शर्ट अर्थातच सुती निघाला. फ्लॅनेल हे कशाचं कापड ते सांगणारं नाव नाही. कापडावर मऊ लव काढली की ते फ्लॅनेल. लोकरीचं असतं, तसं सुताचंही असतं. सूत घाम पितं आणि धरून बसतं, कापडातल्या हवेच्या जागी पाणी येतं, आणि ऊब जी काय असते ती त्या हवेचीच असते. लोकर खरं तर सुतापेक्षा जास्त ओल घेते, स्वतःच्या कोरड्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश. पण ती ओल वाफ होऊन तंतूच्या आत शिरते, त्यामुळे अंगाला ओलं लागत नाही. शिवाय ओल शोषताना लोकर थोडी उष्णता बाहेर सोडते. तंतू कुरळा, त्यामुळे कापड दमट झालं तरी चपटं होऊन अंगाला चिकटत नाही, मधली हवा मधेच राहते. आपला धनगर आषाढातल्या पावसात घोंगडीची खोळ घेऊन मेंढरांमागे उभा असतो, त्याला हे कुणी समजावून सांगावं लागलेलं नाही. मात्र लोकर चिंब भिजली की दगडासारखी जड होते आणि वाळता वाळत नाही, हेही त्यालाच विचारा.

मग स्वेटरच का नको? कारण शर्टाला बटणं असतात. चढाला लागताना वरची तीन उघडायची, बाह्या कोपरापर्यंत सारायच्या, आतली वाफ धुराड्यातून जावी तशी गळ्यातून निघून जाते. थांबलात की लावायची. स्वेटर एक तर अंगात असतो किंवा पाठपिशवीत, आणि तो डोक्यातून काढायचा म्हणजे आधी पिशवी उतरवा, टोपी काढा, चष्मा सांभाळा. या कटकटीपायी माणूस काढायचंच टाळतो आणि घामाघूम होतो. म्हणून बटणं नीट बघून घ्या. मोठी हवीत, पक्क्या दोऱ्याने टाचलेली. बधिर बोटांनी, जमलं तर हातमोज्यासकट, लावता आली पाहिजेत. दुकानात हातमोजे घालून शर्टाची बटणं लावून बघणाऱ्या माणसाकडे लोक बघतात. बघू द्या.

आता खरा घोळ. आपल्या बाजारात ‘वुलन’ म्हणजे लोकरीचं नव्हे. वुलन म्हणजे थंडीत घालायचं काहीही. दर हिवाळ्यात आपल्या शहरांतून तिबेटी मंडळी स्वेटरची दुकानं थाटतात, माल पुष्कळसा लुधियानाचा, आणि त्यात ॲक्रिलिक भरपूर. ते वाईट असतं असं नाही, बसस्टॉपवर उभं राहायला छान असतं. पण डोंगरासाठी घेताना कॉलर उलटून आतली चिठ्ठी वाचा. टक्के लिहिलेले असतात. १९६४ पासून चालत आलेली वुलमार्कची गुंडाळीसारखी खूण असेल तर निव्वळ नवी लोकर. शेकडा ऐंशी लोकर आणि वीस नायलॉन असेल तरी नाक मुरडू नका. कोपर आणि खांदे जास्त टिकतात. चिठ्ठीच नसेल, तर आतल्या शिवणीतला एक धागा मागून घ्या आणि बाहेर येऊन काडी लावा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर नमस्कार करून पुढच्या दुकानात.

कॉलरवरून आठवलं. १९२४ साली जॉर्ज मॅलरी आणि सँडी अर्विन एव्हरेस्टच्या माथ्याकडे गेले ते परतलेच नाहीत. १ मे १९९९ रोजी आठ हजार मीटरच्या वर एक देह सापडला. शोधणाऱ्यांना वाटत होतं हा अर्विन. शर्टाची कॉलर उलटली, आत नावाची पट्टी शिवलेली होती : जी. ली मॅलरी. पुढे २०२४ मध्ये अर्विनचा पत्ता लागला तो बुटातल्या मोज्यावर शिवलेल्या नावावरून. मॅलरीच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे एकावर एक पातळ थर होते. त्यांची हुबेहूब नक्कल करून २००६ मध्ये एव्हरेस्टवर घालून पाहिली, तर कपडे हलके आणि हालचालीला मोकळे निघाले. एक जाड कांबळं अंगावर घेऊन तो माणूस गेला नव्हता, हे मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं.

लोकर टोचते, ही तक्रार खरी आहे. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. साधारण तीसच्या वर गेला की त्याचं टोक कातडीला टोचायला लागतं. मेरिनो मेंढीचा तंतू सतरा ते तेवीसच्या घरातला, म्हणून तो उघड्या अंगावर चालतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, तिची घोंगडीच व्हावी. शर्ट टोचतो का हे हाताने बघू नका, तळहात निबर असतो. मानेला लावून बघा, कानाखाली. तिथे मिनिटभर सहन झाला तर दिवसभर होईल. माझी स्वतःची रीत अशी : आत पातळ मेरिनोची बनियन, वर भरड्या लोकरीचा शर्ट. भरड शर्ट स्वस्त पडतो, काट्याकुट्यांत फाटत नाही आणि जुन्या बाजारातही मिळतो. पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी, नशीब असेल तर लष्करी हिवाळी शर्ट हाती लागतो. अंगोला म्हणतात त्या कापडाला, लोकर आणि सूत यांची मिसळ. निव्वळ लोकर नाही, पण शिवण अशी की पाठपिशवीचे पट्टे हार मानतात.

माप घेताना आरशासमोर उभे राहू नका. दोन्ही हात वर करा, कडा चढताना करतो तसे. शर्ट पँटमधून बाहेर आला तर आखूड आहे, आणि थंडीत कंबर उघडी पडण्यासारखा दुसरा ताप नाही. बगलेत कापड ताणलं जायला नको. खांद्यावरची शिवण पिशवीच्या पट्ट्याखाली येते का तेही बघा. येत असेल तर चौथ्या दिवशी ती जागा सोलून निघते. खिसे दोन, झाकणीचे. एकात टॉर्चचे सेल ठेवायचे, अंगाच्या उबेत ते जास्त चालतात.

धुण्याबद्दल थोडं. दर मुक्कामाला धुवायची गरज नाही, लोकरीला घामाचा वास लवकर लागत नाही. रात्री वाऱ्यावर टांगा. घरी आल्यावर गार पाणी, रिठा, आणि पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा, मग आडवा पसरून सावलीत वाळवायचा. गरम पाण्यात घुसळलात तर तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि शर्टाचा नमदा होतो. तो परत सैल होत नाही, सगळे उपाय करून पाहिलेत. पावसाळ्यात कसर लागते, तेव्हा धुऊन, कडकडीत वाळवूनच ट्रंकेत ठेवा. मळका ठेवलात तर कसर मळक्या जागेपासूनच सुरुवात करते.

ओसल्याच्या मुक्कामाला रात्री शेकोटीभोवती बसलो होतो. चिडाची लाकडं, ठिणग्या तडतड उडत होत्या. वाटाड्याच्या बाहीवर एक पडली. त्याने गप्पा न थांबवता टिचकीने उडवली, बाहीवर जेमतेम करडा ठिपका राहिला. लोकर सहजी पेट घेत नाही, वितळत तर नाहीच. माझ्या जाकिटावर पडलेल्या ठिणगीने मात्र क्षणात हरभऱ्याएवढं भोक पाडलं आणि त्यातून एक पांढरं पीस बाहेर आलं. तो बघत राहिला. मग अगदी आदबीने विचारलं, “साब, इसमें मुर्गी है क्या?”

तेच हे जाकीट, मघाशी वाजवून दाखवलं ते. भोकाला चिकटपट्टी लावली आहे. समोरच्या टेबलावर आत्ता तीन पिसं पडली आहेत, निवेदिकाबाई रागाने बघताहेत. झाडून जातो.