कॅसिनीची मोजणी



इटलीतल्या बोलोन्या शहरात सान पेत्रोनियो नावाचं भव्य चर्च आहे. त्याच्या छताला, जमिनीपासून सुमारे २७ मीटर उंचीवर, एक लहानसं भोक ठेवलेलं आहे. ऊन असलं की रोज भर दुपारी त्यातून सूर्याचा कवडसा उतरतो आणि फरशीत बसवलेली ६७ मीटर लांबीची रेषा ओलांडतो. ही रेषा १६५५ साली जोव्हानी कॅसिनीने आखली. तेव्हा तो तिशीचा होता आणि बोलोन्याच्या विद्यापीठात खगोलशास्त्र शिकवत होता.

सूर्य हिवाळ्यात जरा लगबगीने सरकतो, उन्हाळ्यात संथपणे. हा फरक केवळ अंतरामुळे भासतो, की गतीच खरोखर बदलते? बदलते, असं खगोलशास्त्रज्ञ केप्लर सांगून गेला होता. कॅसिनीने कवडशावरून सूर्यबिंबाचा व्यास मोजायला घेतला. गती एकसारखी धरली, तर बिंब वर्षभरात जेवढं लहान-मोठं व्हायला हवं, त्याच्या निम्माच फरक दिसत होता. केप्लरचं म्हणणं खरं निघालं. सूर्य फिरतो की पृथ्वी, हे त्यावरून ठरत नव्हतं. तरीही पृथ्वी फिरते म्हणणाऱ्या गॅलिलिओच्या खटल्याला जेमतेम २२ वर्षं झालेली असताना, पोपच्याच राज्यातल्या चर्चमध्ये ही मोजणी झाली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गुरूच्या चंद्रांना ग्रहणं केव्हा लागतील, याची कोष्टकं कॅसिनीने १६६८ मध्ये छापली. दोन ठिकाणांहून एकच ग्रहण पाहिलं की स्थानिक वेळांमधल्या फरकावरून रेखांश काढता येतो. फ्रान्सच्या राजाला, चौदाव्या लुईला, असा माणूस हवाच होता. १६६९ मध्ये कॅसिनी पॅरिसला गेला आणि तिथलाच झाला. पुढे याच पद्धतीने नकाशा तपासला, तेव्हा फ्रान्सचा पश्चिम किनारा बराच आत सरकला!

१६७२ मध्ये त्याचा सहकारी रिशे दक्षिण अमेरिकेतल्या कायेन बेटावरून आणि तो स्वतः पॅरिसहून मंगळाचं निरीक्षण करत होते. दोन्हीकडून दिसणाऱ्या मंगळाच्या स्थानांतला फरक घेऊन कॅसिनीने सूर्याचं अंतर काढलं. ते भरलं सुमारे १४ कोटी किलोमीटर. आज आपण १५ कोटींच्या आसपास मानतो. शनीच्या कड्यांमधली काळी फट त्याने १६७५ मध्ये पाहिली. ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

शनीचे चार चंद्रही त्याने शोधले. त्यांतला पहिला, आयापेटस, १६७१ मध्ये सापडला. शनीच्या पश्चिमेला असताना तो दिसे आणि पूर्वेला गेला की नाहीसा होई. कॅसिनीने त्यावरून ताडलं, की या चंद्राची एक बाजू काळसर असली पाहिजे आणि शनीकडे त्याचं तोंड कायम एकच राहत असलं पाहिजे. पूर्वेकडचा तो अंधूक ठिपका त्याला प्रत्यक्ष दिसला १७०५ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात.

प्रकाशाला प्रवासासाठी वेळ लागतो, ही कल्पनाही त्याला सुचली होती. त्याने ती मागे घेतली आणि श्रेय डॅनिश खगोलशास्त्रज्ञ रोमरकडे गेलं. इतका काटेकोर माणूस तिथे का कचरला, याची मला हळहळ वाटते.

त्याचं एक काम मात्र आपल्या अगदी जवळचं आहे. फ्रान्सचा राजदूत ला लुबेर याने सयामहून, म्हणजे आजच्या थायलंडहून, सूर्यचंद्रांच्या गणिताचे नियम आणले होते. त्यांत नुसते आकडे आणि कृती होत्या. कारण कुठेच दिलेलं नव्हतं. कॅसिनीने एकेक आकडा उलगडला. ८०० वर्षांचे २,९२,२०७ दिवस, असा हिशेब त्याला त्यात सापडला. म्हणजे वर्ष ३६५.२५८७५ दिवसांचं. वराहमिहिराने नोंदवलेल्या सूर्यसिद्धान्तातलं वर्ष हेच. आपले पंचांगकर्ते आधी अहर्गण काढतात, म्हणजे ठरावीक आरंभापासून लोटलेले दिवस मोजतात. सयामी गणिताची पहिली पायरीही तीच होती. कॅसिनीचं हे विवरण ला लुबेरच्या पुस्तकात १६९१ मध्ये छापलं गेलं आणि भारतीय ज्योतिर्गणिताची पद्धत युरोपातल्या अभ्यासकांसमोर आली, ती आग्नेय आशियाच्या वाटेने.