जपलेले कागद : मेरिडेल ल स्यूर



मेरिडेल ल स्यूर ही पत्रकार-लेखिका १९०० साली अमेरिकेतल्या आयोवात जन्मली. मंदीच्या काळात भाकरीच्या रांगांत पुरुषच दिसत. मग उपाशी बायका जातात कुठे? १९३२ मध्ये तिने 'न्यू मासेस'मध्ये हेच लिहिलं. त्या डाव्या मासिकाच्या संपादकांनी लेखाला टीप जोडली, की हा सूर पराभूत आहे! पुढे सरकारी दडपशाहीत ती काळ्या यादीत गेली. १९३९ ची तिची कादंबरी 'द गर्ल' १९७८ मध्ये छापली गेली, कारण हस्तलिखित जपलं होतं. १९९६ मध्ये ती गेली. तिचे कागद मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत.

आपल्या बैठकांच्या वह्या, पत्रकं, बायकांनी सांगितलेल्या हकिगती रद्दीत घालू नका. तोच आपला इतिहास आहे.