शिक्षण आणि मिळकत : मुलांना काय सांगावे?



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत पगाराचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण बडोद्यातल्या आपल्या अनेक घराण्यांचा इतिहास हा शिक्षण आणि पगार यांचाच इतिहास आहे. कोणाचे पणजोबा दरबारी कारकून, कोणाचे शाळामास्तर, कोणाचे पागेत. गायकवाडी गेली, पण ‘शीक, म्हणजे नोकरी लागेल’ हे वाक्य आपल्या घरांत राहिले. नववी-दहावीच्या मुलांना आपण आजही तेच सांगतो. ते खोटे नाही, अपुरे आहे. आणि अपुऱ्या माहितीवर मूल आयुष्याचा निर्णय घेते.

आधी त्यातले खरे पाहू. शिक्षणाचे एक वर्ष वाढले की मिळकत जगभरात सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास वाढलेली दिसते, असा अर्थशास्त्रज्ञांचा हिशेब आहे. का वाढते, यावर मात्र दोन मते आहेत. गॅरी बेकर म्हणत, शिक्षणाने माणसाचे कसब वाढते, म्हणून त्याचे मोल वाढते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दुसरी बाजू मांडली : पदवी ही पुष्कळदा नुसती खूण असते, हा माणूस चिकाटीचा आहे, एवढेच ती मालकाला सांगते. दोघांनाही पुढे नोबेल मिळाले. मुलाला दोन्ही सांगावे. खूण सर्वांच्याच हाती आली की तिची किंमत उतरते. कसबाची तशी सहजासहजी उतरत नाही.

मुलांना हे सांगितल्याने काही फरक पडतो का? रॉबर्ट जेन्सन या संशोधकाने डोमिनिकन रिपब्लिकमध्ये आठवीच्या मुलग्यांना विचारले, की पुढे शिकलात तर किती जास्त मिळेल? मुलांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा फारच कमी निघाला. मग काही शाळांतल्या मुलांना खरे आकडे सांगितले. पुढच्या चार वर्षांत ती मुले इतरांपेक्षा सरासरी पाव वर्षाच्या आसपास अधिक शिकली. नुसत्या माहितीचा एवढा परिणाम! पण अत्यंत गरीब घरांतल्या मुलांवर तो जवळजवळ झाला नाही. त्यांना कळले, पण परवडले नाही. म्हणजे माहितीबरोबर फीची सोयही लागते.

आता आपल्याकडची अडचण. आपल्या देशात निरक्षरांपेक्षा पदवीधरांत बेकारीचे प्रमाण जास्त आढळते. याचा अर्थ शिक्षण वाया गेले असा नव्हे. ज्याच्या घरात दोन वेळची भ्रांत आहे तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर मनाजोग्या नोकरीची वाट पाहतो, आणि घर त्याला पोसते. या वाट पाहण्याचीही किंमत असते, ती मात्र कोणी मुलाला सांगत नाही.

म्हणून मुलाच्या हाती कागद-पेन्सिल द्या आणि त्यालाच हिशेब मांडू द्या. समजा, बारावीनंतर त्याला महिना १२,००० रुपयांचे काम मिळते. ते सोडून तो तीन वर्षे कॉलेजात गेला, तर ४,३२,००० रुपयांची मिळकत बुडाली. वर्षाला ४०,००० प्रमाणे फी व पुस्तके १,२०,०००. एकूण खर्च ५,५२,०००. पदवीनंतर १८,००० मिळाले, तर वर्षाला ७२,००० जास्त. म्हणजे खर्च भरून यायला सात वर्षे आठ महिने. नोकरीची वाट पाहण्यात एक वर्ष गेले, तर नऊ वर्षे आठ महिने. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. तुम्ही तुमच्या घरचे घाला. कामाचा अनुभव वाढतो तसे दोन्हीकडचे पगारही बदलतात, हेही त्याला जोडू द्या. आयटीआय, डिप्लोमा, पदवी असे तीन रकाने केले, तर आपण न बोललेले पुष्कळ काही मुलाला आपसूक दिसेल.

मात्र हिशेबात न मावणारी एक गोष्ट याच शहरात घडली. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. करार असा, की परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. १९१७ मध्ये ते बडोद्यास आले. एवढे शिकलेल्या माणसाला या गावात जातीमुळे राहायला जागा मिळेना, आणि थोड्याच दिवसांत त्यांना परतावे लागले. शिक्षण तेच, पण समाज सर्वांना त्याचे सारखे मोल देत नाही. मुलींच्या बाबतीत आजही आपण घरातल्या घरात हेच करतो : मुलाची फी ही गुंतवणूक, मुलीची फी हा खर्च. हा फरक शाळेने मिटवायचा नाही, आपण मिटवायचा आहे.

आणखी एक आठवण. १८९० मध्ये सयाजीरावांनी कलाभवन काढले. विणकाम, रंगकाम, सुतारकाम, चित्रकला अशी हाताची विद्या तिथे शिकवली जाई. दादासाहेब फाळके तिथले विद्यार्थी. ज्या दरबाराने आपल्याला कारकुनी दिली, त्याच दरबाराने कसबाची ही वाटही दाखवली होती. आपण पहिली धरली, दुसरी विसरलो.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. वर्षातून एक रविवार संस्थेचे हे सभागृह नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी ठेवा. आपल्यातलाच एखादा इलेक्ट्रिशियन, परिचारिका, बँकेतला अधिकारी, दुकानदार यांनी समोर बसून सांगावे : मी काय शिकलो, किती खर्च आला, पहिला पगार किती होता, आज किती आहे, किती दिवस घरी बसलो. पगार सांगायला आपण लाजतो. ती लाज सोडली नाही, तर मुले जाहिरातींवर विश्वास ठेवतील.

मराठी शिकून किती मिळते, असेही एखादे मूल विचारील. त्याला सरळ सांगा, की फारसे नाही. मग हेही सांगा, की सगळ्याच शिक्षणाचा हिशेब महिन्याच्या एक तारखेला होत नसतो. पहिले उत्तर खरे दिलेत, तर दुसऱ्यावर त्याचा विश्वास बसेल.