दुखणे, सुई आणि गोळी
(कार्यकर्त्या मैत्रिणींपुढे केलेले भाषण)



कंबर, गुडघे, पाळीतली कळ, डोके. बाईची तक्रार कुठलीही असो, आपल्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर मला बहुधा एकच उत्तर दिसते. डायक्लोफिनॅकची सुई, असिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी, आणि सोबत पित्ताची एक. सुई आणि गोळी एकाच जातीची औषधे आहेत. दोन्ही घेऊन आराम दुप्पट होत नाही, जठराला व्रण होण्याचा धोका मात्र वाढतो. त्यावर बाई घरी दुकानातली कॉम्बिफ्लाम घेते. तिच्यात आयब्युप्रोफेन, म्हणजे पुन्हा तीच जात. सुई घेतली की पोटाला त्रास नाही, हीही समजूतच. औषध रक्तातून काम करते, जठराचे रक्षण करणारी द्रव्ये ते तिथेही कमी करते.

मूत्रपिंडाचे कुणी सांगत नाही. अंगातले पाणी कमी झाले की हीच द्रव्ये मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. गोळी नेमका तो आधार काढून घेते. आता उसाच्या फडातली बाई डोळ्यांपुढे आणा. भर उन्हात मोळ्या वाहते, आणि लघवीला आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाही. खाडा झाला तर पैसे कापतात, म्हणून सकाळीच गोळी घेऊन निघते. संडासाची मागणी ही म्हणूनच औषधाचीही मागणी आहे.

हेच डायक्लोफिनॅक गुरांना दिल्याने, ती मेल्यावर त्यांचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. 2006 मध्ये ते गुरांसाठी बंद झाले. माणसांच्या सुईची मोठी बाटली गुरांना वापरतात म्हणून 2015 मध्ये तीही बंद केली. चांगलेच झाले. फडातल्या बाईच्या मूत्रपिंडांची अशी चौकशी मात्र मी पाहिलेली नाही.

पाळीची कळ सोसा, असे मी म्हणत नाही. मेफेनॅमिक अ‍ॅसिडने (मेफ्टाल स्पासमध्ये तेच असते) आराम पडतो. जेवणानंतर, दोन-तीन दिवस घ्यावे. पण ताप, अंगावर पुरळ, गाठी सुजणे असे काही झाले तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडे जा. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय औषधकोश आयोगाने याच गंभीर प्रतिक्रियेचा इशारा दिला होता. पाच महिन्यांच्या गरोदरपणानंतर या जातीची गोळी डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय नको. बाळाभोवतीचे पाणी कमी होते, पुढे बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी मिटू शकते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, दमा असेल, तर आधी विचारा. शौचाला डांबरासारखे काळे झाले, लघवी कमी झाली, तोंडावर सूज आली, तर दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीला घरातल्या डब्यातल्या पट्ट्या घेऊन या. पट्टीवर कंपनीने दिलेले नाव असते आणि औषधाचे खरे नावही असते. औषधाचे खरे नाव आपण मिळून वाचू. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी तर नक्की आणा.