टोकियो ते क्योटो: तिकीट हातात, गाडी गेली

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की जपानच्या बुलेट ट्रेनचं बुकिंग नेमकं कसं करायचं, म्हणून आज तेच. पण आधीच सांगतो, मी माझी गाडी चुकवलेली आहे. तीही आई-बाबा सोबत असताना.

थोडं बॅकग्राउंड. कंपनीनं मला वर्षभरासाठी टोकियोला पाठवलं होतं. राहायला निशी-कासाई, म्हणजे तिथला आपला भारतीय मोहल्ला. ऑक्टोबरमध्ये आई-बाबा आले. बाबांची आयुष्यभराची नोकरी रेल्वेच्या सिग्नल विभागात. आदल्या वर्षी बायपास झालेली. डॉक्टर म्हणाले, जा, पण दगदग नको, फार वेळ उभं राहणं नको. बाबांची जपानमध्ये एकच मागणी होती. मंदिरं-बिंदिरं आईसाठी, मला शिंकान्सेनमध्ये बसव.

तर ही लाइन, तोकाइदो शिंकान्सेन, 1 ऑक्टोबर 1964 ला सुरू झाली. टोकियो ते शिन-ओसाका, साधारण 515 किलोमीटर. आपल्या मुंबई-अहमदाबादचं अंतर 508, म्हणजे जवळपास तेवढंच. तिच्यावर तीन प्रकारच्या गाड्या धावतात. नोझोमी सगळ्यात कमी थांबे घेते, क्योटोला सव्वादोन तासांत पोचवते. हिकारी थोडी जास्त थांबते. कोदामा म्हणजे आपली पॅसेंजर, प्रत्येक स्टेशन घेणार. आता पॅसेंजर 285 च्या स्पीडनं पळते हा भाग वेगळा.

पहिला प्रश्न सगळ्यांचा, जेआर पास काढू का? पूर्वी डोळे झाकून हो म्हणायचे. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांचा पास 29,650 येनवरून थेट 50,000 येनवर गेला. टोकियो-क्योटो एका बाजूचं रिझर्व्ह तिकीट 14,000 येनच्या आसपास पडतं. जाऊन-येऊन 28,000. म्हणजे फक्त एवढंच फिरणार असाल तर पास घाट्याचा सौदा. शिवाय पासवर नोझोमीसाठी वेगळे पैसे भरावे लागतात.

बुकिंगसाठी स्मार्टईएक्स नावाचं अ‍ॅप आहे, इंग्रजीत चालतं. नेहमीचं रिझर्वेशन एक महिना आधी, जपानच्या सकाळी 10 वाजता उघडतं, म्हणजे आपल्याकडे साडेसहा. पण तत्काळसारखं अलार्म लावून बोटं आपटायची गरज नाही, गर्दीच्या तासाला बाराबारा नोझोमी सुटतात. अपवाद नवीन वर्ष, गोल्डन वीक आणि ओबोनची सुट्टी. तेव्हा नोझोमीचे सगळे डबे रिझर्व्ह असतात. लवकर बुक केलं तर 'हायातोकू' नावाची सवलत मिळते, फक्त तिचे नियम कडक आहेत, ते वाचा. माझ्या तारखेला ती संपली होती. चरफडलो होतो तेव्हा.

सीट निवडताना क्योटोकडे जाताना उजवी बाजू घ्या. ई म्हणजे त्या बाजूची खिडकी, फुजी तिथूनच दिसतो, टोकियो सोडल्यावर पाऊण तासानं. बाबांसाठी मी ई पकडली, शेजारची डी आईला.

बॅग. लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज 160 सेंटीमीटरच्या वर गेली तर सामानाची जागा असलेली सीट घ्यावी लागते. बुक करताना ती फुकट आहे, न करता चढलात तर 1,000 येन. चाकं आणि हँडल धरून मोजायचं. आईची ती चकलीची बॅग 157 भरली. हुश्श.

आता माझा शहाणपणा ऐका. अ‍ॅपवर क्यूआर कोड मिळतो, तो गेटवर दाखवला की झालं. आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधीपर्यंत फोनवरूनच वेळ बदलता येते, पैसे न भरता. पण बाबा म्हणाले, "हातात तिकीट नाही म्हणजे काय रे? टीसीला काय दाखवायचं?" म्हणून मी आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन मशीनमधून तिन्ही कागदी तिकिटं काढून आणली. बाबांनी ती पाकिटात ठेवली. खूश. आणि कागद बाहेर पडला की अ‍ॅपमधून बदल बंद.

दुसऱ्या दिवशी मेट्रोनं ओतेमाचीला उतरलो. मॅप म्हणाला, टोकियो स्टेशनला चालत दहा मिनिटं. ती दहा मिनिटं माझी होती. आईच्या गुडघ्याची नव्हती, बाबांच्या बायपासची तर नव्हतीच. त्यात शिंकान्सेनची गेटं पलीकडे, याएसूच्या बाजूला. भुयारातून चालतोय, चालतोय. लिफ्ट शोधा, परत फिरा. बाबा मध्येच थांबून भिंतीला हात लावायचे आणि "काही नाही, चल" म्हणायचे. मी दोनदा "जरा पटापट" म्हणालो. ते मला आजही आठवतं. प्लॅटफॉर्मवर पोचलो, गाडी दोन मिनिटांपूर्वी गेली होती. तिथे दोन मिनिटं म्हणजे दोनच मिनिटं.

मी घामाघूम. स्टाफमधल्या बाईंनी तिकीट बघितलं आणि अनरिझर्व्ह डब्याच्या रांगेकडे हात दाखवला. साधं रिझर्व्ह तिकीट असेल तर त्याच दिवशी पुढच्या गाडीच्या अनरिझर्व्ह डब्यात बसता येतं. ती सवलत मिळाली नाही ते किती बरं झालं! टोकियोहूनच गाडी सुटते, म्हणून आम्ही एक गाडी सोडली, रांगेत पुढे उभे राहिलो. बाबांना प्लॅटफॉर्मवर बाकडं मिळालं. तिघांना सीट मिळाल्या, पण डावीकडच्या, समुद्राच्या बाजूच्या.

मी सॉरी म्हणालो. बाबा काहीच बोलले नाहीत, सारखे बाहेर बघत होते. शिन-फुजी आलं, उजवीकडे सगळे ढग. ई सीटवाल्यालाही काही दिसलं नाही.

मग बाबा म्हणाले, "अरे, एक सिग्नल नाही दिसला."

खरंच नसतात. या वेगात रुळाशेजारचा दिवा ड्रायव्हरला वाचता येणार नाही, म्हणून 1964 पासूनच वेगाची मर्यादा थेट केबिनमध्ये दिसते आणि ती ओलांडली तर ब्रेक आपोआप लागतात. मी हे फोनवर वाचून दाखवायला लागलो, तर ते मला थांबवून स्वतःच समजावायला लागले, रुळातून संदेश कसा जातो, पुढे गाडी असेल तर काय होतं. क्योटो येईपर्यंत. आई चकली खात ऐकत होती.

परतीचं तिकीट मी क्यूआरवरच ठेवलं. आणि क्योटो स्टेशनवर आम्ही सव्वा तास आधी पोचलो, बाबांच्या हिशोबानं.