प्रसंग ओळखून पेहराव

नीटनेटका पेहराव म्हणजे श्रीमंतांची हौस, असा समज आहे. त्याचं उत्तर महाडमध्ये मिळतं. डिसेंबर 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जमलेल्या दलित स्त्रियांना लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला आणि जात दाखवणारे दागिने टाकायला सांगितलं. कापड जुनं, फाटकं असलं तरी चालेल, पण स्वच्छ हवं, हा त्यांचा आग्रह होता. किंमत तीच, कापड तेच. नेसण्याची रीत बदलली आणि ताठ मानेने वावरणं सोपं झालं.

कोणी म्हणेल, माणूस गुणांनी ओळखला जावा, कपड्यांनी नव्हे. खरंच आहे, पण गुण दिसायला वेळ लागतो आणि मुलाखत काही मिनिटांतच संपते. शिवाय कपडे सतत सावरावे लागले, तर लक्ष बोलण्यावर राहत नाही. म्हणून नवा कपडा घालून आरशासमोर नुसतं उभं राहून पाहू नका. बसा, वाका, हात वर करा. खांद्याची शिवण खांद्यावरच राहते का, पदर घसरतो का, हे घरीच कळतं. प्रसंगही पाहा: लग्नात जरीचा कपडा शोभतो, सांत्वनाला साधा फिका सुती. कारण तिथे लक्ष आपल्याकडे नव्हे, दुःखात असलेल्यांकडे जायला हवं. निघण्यापूर्वी एवढंच विचारा: आपण कोणासाठी चाललो आहोत? त्यांचा मान राखेल आणि आपल्याला मोकळं ठेवेल, तोच योग्य पेहराव.